आधी रिकामा काटा बघावा

"थांबा. आधी रिकामा काटा बघू द्या."

असं म्हणून ते वजनकाट्याच्या पाटावर पायाचा अंगठा टेकवत, उचलत, आणि लाल आकडे पुन्हा शून्यावर आले की शेजारी जे कोण उभं असेल त्याला दाखवत. मला, सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या मावशीला, कुणालाही. "बगून घ्या. रिकामा हाय." आम्ही मान हलवल्याशिवाय स्वारी काट्यावर चढत नसे. डायलिसिसच्या वॉर्डात सकाळी वजनाला रांग असते, माणसं आधीच कातावलेली असतात, त्यात हा सोहळा. पहिल्या दिवशी मी मागून म्हणाले, "अहो, सोनं तोलायचंय का?"

ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "न्हाई ताई. माणूस तोलायचाय."

मला गप्प करणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. हे एक भेटले.

मार्केट यार्डात ते मापाडी होते. माल विकणारा शेतकरी आणि घेणारा व्यापारी, दोघांच्या मधे काट्यापाशी उभा राहतो तो मापाडी. राहायला लोणी काळभोरला. वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचे, वयानं ते माझ्याहून लहान असले तरी. मी शनिवार पेठेतली. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून माझा जन्म गेला. लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. मग कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ आले, मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला, आणि आमच्या जागी यंत्रं बसली. मामांच्या यार्डातही जुने काटे जाऊन लाल आकड्यांचे आले. "पूर्वी आमी वराडून वजन सांगायचो," ते म्हणत, "आता आकडाच समद्यांना दिसतो. आमचं तोंड बंद झालं." मी म्हटलं, "मामा, यंत्रानं आपल्याला घरी बसवलं आणि आता यंत्रच जगवतंय. तक्रार कुणाकडे करायची?" ते हसले. हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज येत नसे.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मूत्रपिंडं बंद पडली की प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते अंगातच साठतं. आधी पायांवर दिसतं, मग चेहऱ्यावर, आणि फारच झालं तर छातीत शिरतं आणि माणूस जमिनीवर बसून बुडायला लागतो. आमच्या अंगातलं पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी यंत्र काढून घ्यायचं. किती काढायचं ते वजनावरून ठरे. प्रत्येकाचं एक ‘ड्राय वेट’ डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. त्याच्यावर काटा जेवढा जाईल तेवढं पाणी. मला हे समजावून सांगताना डॉक्टरांच्या नाकी नऊ आले होते, कारण मी दर वाक्याला शंका काढत होते. मामांना एका दमात कळलं.

"म्हंजे वल्ला कांदा अन् वाळलेला कांदा," ते म्हणाले.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

ओल्या कांद्याच्या गोष्टी मामांकडे खंडीभर होत्या. वजन वाढावं म्हणून कुणी गोणीच्या पोटात भिजवलेला माल घालून वर वाळलेला लावायचा. "वरनं बगून कळत न्हाई ताई. गोणीत हात घालावा लागतो, पार कोपरापर्यंत. काटा वजन सांगतो. कशाचं ते न्हाई सांगत." हे वाक्य त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. तुम्हीही ते लक्षात ठेवा.

आता तहान. उपाशी राहणं सोपं आहे हो. आम्ही पेठेतल्या बायकांनी उपास काय थोडे केलेत? पण तहान वेगळी. दिवसभरात एवढंसं पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधाच्या गोळ्यांचे घोट. आमटी हेसुद्धा पाणीच असतं हे मला उतारवयात कळलं. मी पाणी मोजून प्यायचे आणि आमटी भुरकायचे, आणि मंगळवारी काट्यावर चढले की सिस्टर म्हणायची, "ताई, हे एवढं कुठून आलं जी?" ती यवतमाळकडची, भारी गोड पोर. मी म्हणायचे, "हवेतून." मामांचीही एक अशीच समजूत होती. गावात कुठे पूजा असली की तीर्थाला ते नाही म्हणायचे नाहीत. देवाच्या पळीभर पाण्यानं काय होतंय? एकदा त्यांना तीन घरची बोलावणी आली, आणि त्यातल्या एका घरी मठ्ठा होता. "ताक म्हंजे जेवाण, ताई. ताकाला कुणी पाणी म्हणतं व्हय?" त्या शुक्रवारी सिस्टरनं दोघांनाही एकदमच झापलं, आमटीवाल्या ताई आणि ताकवाले मामा. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे माना खाली घालून बसलो.

तेव्हापासून मामा सुधारले. सगळं मोजायला लागले. औषधाच्या बाटलीचं टोपण हे त्यांचं माप. यंत्र सुरू झालं की घसा कोरडा पडायचा, तेव्हा ते टोपणानं पाणी घेत आणि हळू आवाजात मोजत, "लाभ… दोन… तीन…" मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धान्य मोजायची ती जुनी रीत. तिसऱ्यानंतर टोपण बंद. कितीही वाटलं तरी चौथं नाही.

आणि मग त्यांचा काटा असा काही जाग्यावर यायला लागला की विचारू नका. पंचावन्न किलो हे त्यांचं ठरलेलं वजन. दोन खेपांच्या मधे थोडंसं वर, यंत्रानंतर बरोबर पंचावन्न. महिनोन् महिने. डॉक्टर इतरांना सांगायचे, "मामांकडून शिका." माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी म्हटलं, "मामा, काय मंतर टाकता हो?" ते म्हणाले, "मंतर न्हाई. काटा जाग्यावर ठेवायचा म्हंजे ठेवायचा."

तो त्यांना का ठेवायचा होता, ते मला त्यांच्या मुलीमुळे कळलं.

बायको फार पूर्वी गेलेली, घरात ही दोघंच. मुलगी इंजिनिअर झाली होती. हडपसरला ज्वारीची शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका कंपनीत ती लागली. बापाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन यायची आणि चार तास बाहेर बाकावर मांडीवर कॉम्प्युटर ठेवून काम करायची. आत डोकावून विचारायची, "आबा, ओके ना? माझा कॉल आहे, अर्ध्या तासात येते." मामा म्हणायचे, "दिवसभर कुणाशी तरी विंग्रजीत भांडती. पगार भांडायचाच देत्यात वाटतं." पण सांगताना डोळे कसे लकाकायचे ते मी पाहिलंय.

त्या मुलीला कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. ‘ऑनसाइट’ हा शब्द मामांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला ऐकवला. मुलगी घुटमळत होती. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच आटोक्यात राहिलं तर आठवड्याला दोन खेपा पुरे आहेत. वाढायला लागलं तर तीन कराव्या लागतील, आणि मग घरचं माणूस सोबत पाहिजे. यार्डातला एक जुना सोबती मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या टेम्पोतून आणायला तयार होता. तिसरा दिवस त्याला जमण्यासारखा नव्हता. म्हणजे सगळं त्या काट्यावर येऊन ठेपलं.

"माजं वजन जाग्यावर हाय तवर पोरगी मोकळी हाय," मामा मला म्हणाले. "लाभाचं पयलं माप तिचं."

मी म्हटलं, छान. आणि खरंच छान वाटलं होतं मला.

मग एके दिवशी माझी नजर त्यांच्या हातावर गेली. अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता, निसटू नये म्हणून. अंगठी सैल होते म्हणजे बोट बारीक झालं. मानेभोवती शर्टाची कॉलर ढिली. गालफडं आत गेलेली, पण सकाळी डोळ्यांखाली मात्र फुगवटा. बी. पी. ची गोळी वाढवली होती. यंत्रावर आडवं व्हायचं म्हटलं की दोन उशा मागायचे आणि तरी खोकायचे. भर उन्हाळ्यात पायात मोजे. आणि काटा? काटा पंचावन्न.

शेजारच्या पलंगावर चार तास काढणाऱ्या बाईला दुसरं काम काय असतं? मी बघत राहिले. मुलगी डबा द्यायची, भाकरी आणि मीठ कमी घातलेली भाजी. ती बाहेर गेली की मामा डबा मावशीला द्यायचे. "घे, तू खा. मला भूक न्हाई."

तिसऱ्यांदा हे पाहिलं तेव्हा मला राहवेना. आमच्या दोघांच्या हातात सुया, उठता येत नाही. भांडायचं तर पडल्या पडल्याच.

"मामा, भाकरी का वाटता?"

"भूक न्हाई म्हनलं ना."

"थापा मारू नका. मी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकलेत. खोटं बोलणारा माणूस मला तारेवरून कळायचा, तुम्ही तर हातभर अंतरावर आहात."

ते छताकडे बघत हळूच म्हणाले, "ताई, तहान सोसवंना. भूक सोसती. भाकर सोडली की तेवढं पाणी बसतं काट्यात. टोपणं हितं, लोकांसमोर. घरी तांब्या हाय."

"कधीपासून?"

"झालं की चार-सा म्हैने."

"अहो, अन्न सोडलं की अंगावरचं मांस जातं. मांस गेलं तर वजन कमी व्हायला पाहिजे. तुमचं होत नाही. मग मांसाच्या जागी काय भरलंय, मामा?"

त्यांनी मोकळ्या हातानं चादर ओढून पाय झाकले.

"व्यापारी ओला कांदा घालायचा तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"गोणीत हात घालायचो."

"मग तुमच्या गोणीत हात कोण घालणार?"

त्यांनी मान वळवली. डोळे भरले होते. "आठ दिस थांबा, ताई. फुडल्या आठवड्यात तिचं इमान हाय. ती एकदा वर गेली की मी सोता सांगतो डाक्टरला. तुमच्या पाया पडतो. आठ दिस."

खोकला आला म्हणून ते अर्धवट उठून बसले आणि त्यांच्या छातीतून आवाज आला, हुक्क्यात पाणी गुडगुडावं तसा. तो ऐकल्यावर मला आठ दिवस दिसेनात. मला उद्याचा दिवससुद्धा दिसेना.

मी घंटा दाबली.

त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की अजून आठवलं तर मला घास जात नाही. पण मी केलं ते बरोबर केलं. आजही तेच करीन, आणि कुणी मला शहाणपण शिकवायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवीन.

डॉक्टर आले. मोजे काढले. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला, कणकेत बोट घातल्यासारखा. एक्स-रे काढला. छातीत पाणी होतंच, हृदयही ताणून मोठं झालेलं. डॉक्टर बिचारे स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होते. मुलगी दारात उभी होती. "आबा," ती म्हणाली, "रात्री खुर्चीत बसून झोपायचात ते टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणून ना? मला तसंच सांगितलंत ना?" मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आठवड्याला तीन खेपा सुरू झाल्या. पाणी एकदम काढता येत नाही, थोडं थोडं काढायचं. जरा जास्त ओढलं की पायात असे गोळे यायचे की मामा टॉवेल दातांत धरायचे. दर खेपेला वजन थोडं खाली. त्रेपन्न, एक्कावन्न. पाय सुकले, फुगवटा उतरला, आणि आतला माणूस दिसायला लागला. तो बघवत नव्हता.

मग डॉक्टर म्हणाले, झालं, आता हे खरं ड्राय वेट. त्या दिवशी मामा काट्यापाशी गेले, अंगठा टेकवला, उचलला, शून्य बघितलं. कुणाला दाखवलं नाही. चढले. सत्तेचाळीस.

ते त्या आकड्याकडे बघतच राहिले. "यवढाच?" ते म्हणाले. "मी यवढाच हाय? बाकीचं समदं पाणीच व्हतं व्हय?"

मुलीनं त्यांना धरून उतरवलं. म्हणाली, "मी जात नाहीये. मेल टाकला ऑफिसला."

"जा की! काय झालंय मला?"

"आबा, गप्प बसा!" ती इतक्या जोरात ओरडली की यंत्रांच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिथेच खाली बसून रडायला लागली. तिच्या जागी ऑफिसातला दुसरा कुणी मुलगा गेला.

मामा माझ्याशी एकच वाक्य बोलले. "उभ्या जन्मात मी कुणाचा काटा मारला न्हाई, ताई. तुमी माज्या पोरीचं इमान खाली पाडलं."

मीही काही कमी नाही. म्हटलं, "कुणाचा नाही कसा? स्वतःचाच मारलात की सहा महिने."

झालं. बोलणं बंद. पलंगाला पलंग लागून, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. यवतमाळची सिस्टर मधे उभी राहून म्हणायची, "काहून रुसले जी मामा? ताई, तुम्ही तरी बोला ना." मी म्हणायचे, "मला रुसायला वेळ नाही, मी झोपलेय." त्या दिवसांत चार तास संपता संपत नसत. मामांचं "लाभ, दोन, तीन" मात्र ऐकू यायचं. टोपण तेच होतं, पण आता घरचा तांब्या मुलीच्या ताब्यात गेला होता. ती समोर बसून भाकरी खायला लावायची. सबंध.

एकदा ती मला बाहेर भेटली. म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी सांगितलं नसतं तर मी तिकडे असते आणि…"

"ते वाक्य पुरं करू नकोस," मी म्हटलं. तिनं केलं नाही. तिला ते जाणं किती हवं होतं हे तिनं कधीच बोलून दाखवलं नाही, आणि न बोलणाऱ्यांचं दुःख मला जास्त ऐकू येतं, काय करणार.

पावसाळा सरताना कधीतरी मी रांगेत उभी होते. पुढे मामा. त्यांनी पाटावर अंगठा टेकवला, उचलला, आणि मागे न बघताच म्हणाले, "ताई, बगून घ्या. रिकामा हाय."

मी बघितलं. म्हटलं, "हो. रिकामा आहे."

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं, पाय दाबले, छाती ऐकली आणि त्यांचं ठरलेलं वजन एका किलोनं वाढवलं. पाणी नव्हे, अंगावर मांस आलं होतं. मामांनी तो किलो सगळ्या वॉर्डाला सांगितला. "सुका माल वाढला, ताई! हात घालून बगा!" त्यांनी खरंच दंड पुढे केला आणि मी खरंच दाबून बघितला. काडीच होती, पण म्हटलं, "चांगला आहे. खणखणीत आहे."

असं वर्षभर चाललं. पण ताणलं गेलेलं हृदय काही जागेवर आलं नाही. काटा बरोबर, पाय कोरडे, आणि तरी मामा पायऱ्या चढताना थांबायला लागले. मग व्हीलचेअरवरून यायला लागले. मग एके दुपारी यंत्र मधेच थांबवावं लागलं, रक्तदाब काही केल्या वर येईना. डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन बोलले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता. टोपण नव्हतं.

मामांनी पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. माझ्या हातात सुया, मला उठताही येईना.

"किती प्यायचं?" त्यांनी विचारलं.

"मोजू नका, आबा," ती म्हणाली. "हवं तेवढं प्या."

त्यांनी एक घोट घेतला. सवयीनं म्हणाले, "लाभ." दुसरा घेतला. मी वाट बघत होते, पण दोन म्हणाले नाहीत. "लाभ," पुन्हा म्हणाले. तिसऱ्यालाही तेच. मुलगी पेला धरून होती. पेला अर्धा झाला तेव्हा त्यांनी हातानंच पुरे म्हणून खूण केली आणि डोळे मिटून घेतले. ओठांवर पाणी राहिलं होतं, ते तिनं ओढणीनं टिपलं नाही. राहू दिलं.

मंगळवारी मी गेले तेव्हा त्या पलंगावर दुसरं कुणी होतं. कुणी ते मी बघितलं नाही. रांग होती, लोक कातावलेले होते. माझा नंबर आला. मी पाटावर पायाचा अंगठा टेकवला आणि उचलला.

"चढा ना जी, ताई," सिस्टर म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "इकडे ये आणि बघून घे."

ती आली. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.

"रिकामा आहे," ती म्हणाली.